रागांची उतरंड आणि गुरूंची साखळी : एका संगीतसंग्रहाची ऑन्टॉलॉजी बांधताना

ग्वाल्हेरच्या जनकगंजात आमच्या परिचयातील एका निवृत्त संगीतशिक्षकांकडे ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणांचा आणि बंदिशींच्या हस्तलिखित वह्यांचा मोठा संग्रह आहे. स्पूल, कॅसेट, नंतरच्या सीडी आणि त्यांच्या वडिलांच्या हातच्या वह्या असा हा ऐवज आहे. मी ग्रंथालयशास्त्र शिकलेली आणि पुढे माहितीव्यवस्थापनाच्या व्यवसायात रमलेली, त्यामुळे त्याची सूची करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. काकांनी (सगळी आळी त्यांना काका म्हणते आणि मीही तेच म्हणते) पूर्वी एका विद्यार्थ्याकडून स्प्रेडशीट करून घेतली होती. तिच्यात गायक, राग, गायनप्रकार, घराणे आणि शेरा असे रकाने होते आणि खरे ज्ञान शेऱ्याच्या रकान्यात साठले होते. ‘हा टप्पा यांनी अमुक बुवांकडून घेतला’, ‘राग देशकार, भूप समजू नये’, ‘तबल्याला गायकाचे मेहुणे’ अशा ओळींनी तो भरलेला होता.

या संग्रहाकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, ते मी काकांना आधी विचारून घेतले आणि प्रश्नांच्याच रूपात लिहून काढले. ग्वाल्हेर गायकीतले जुने गुरू वासुदेवबुवा जोशी यांच्या परंपरेतून आलेल्या गायकांनी गायलेले टप्पे (टप्पा हा चपळ तानांचा गायनप्रकार) कोणते? कानडा या रागाचे कोणकोणते प्रकार येथे ऐकायला मिळतात? एकाच बंदिशीचे वेगवेगळ्या पिढ्यांनी केलेले गायन शेजारी शेजारी लावता येईल का? स्प्रेडशीटला कितीही गाळण्या लावल्या तरी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्य नव्हते, कारण ‘परंपरा’ किंवा ‘कानड्याचा प्रकार’ ही कुठल्या एका रकान्यात भरण्याची माहिती नाही. ती अनेक नोंदींमधील संबंधांतून निघावी लागते. ऑन्टॉलॉजी करायची ठरली ती एवढ्याचसाठी.

संगणकशास्त्रात ही संज्ञा रूढ झाली त्यात संशोधक टॉम ग्रूबर यांनी १९९३ मध्ये केलेल्या व्याख्येचा मोठा वाटा आहे. एखाद्या क्षेत्राकडे आपण ज्या संकल्पनांतून पाहतो त्यांची उघड आणि काटेकोर मांडणी, असा तिचा आशय आहे. ही मांडणी लिहिण्यासाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००४ मध्ये आउल ही भाषा प्रमाणित केली आणि २००९ मध्ये आउल २ आणली. आम्ही ही दुसरी भाषा वापरली आणि लेखनासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात घडलेले प्रोटेजे हे मोफत सॉफ्टवेअर घेतले. यात मुख्यतः तीन गोष्टी असतात : वर्ग, त्या वर्गांत मोडणारे प्रत्यक्ष घटक आणि घटकांना जोडणारे संबंध. वर्गांची उतरंड लावतात हे बहुतेकांना ठाऊक असते. संबंधांचीही तशीच उतरंड लावता येते याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझे मत असे झाले आहे की संगीतासारख्या गुरुमुखी क्षेत्रात वर्गांवर घातलेला वाद बराचसा वाया जातो आणि खरी कमाई संबंधांच्या उतरंडीतून होते.

तरी सुरुवात वर्गांपासूनच करावी लागते. काकांच्या सूनबाई स्वतः गाणे शिकवतात. त्यांनी कागदावर पहिली उतरंड काढून दिली. ‘बंदिश’ या शब्दाखाली स्थायी आणि अंतरा, शेजारी ‘ख्याल’ आणि त्याखाली विलंबित व द्रुत, मग टप्पा, तराणा, चतुरंग, त्रिवट, ध्रुपद, धमार असा तो आराखडा होता. विद्यार्थ्याला समजावून सांगायला तो उत्तम आहे, पण आउलमध्ये उपवर्गाचा अर्थ एकच असतो : खालच्या वर्गातील प्रत्येक घटक, एकही अपवाद न करता, वरच्या वर्गाचाही घटक असतो. म्हणून आम्ही प्रत्येक रेघेवर बोट ठेवून तोच प्रश्न मोठ्याने विचारत गेलो. प्रत्येक टप्पा ही बंदिश आहे का? आहे. प्रत्येक अंतरा ही बंदिश आहे का? “अहो ताई, अंतरा म्हणजे बंदिश कशी होईल? तो तिचा भाग,” असे त्या लगेच म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे ती रेघ खोडून ‘भाग’ नावाचा एक संबंध जन्माला आला. चतुरंगाचेही तसेच. त्यात ख्यालाचे शब्द, सरगम, तराण्याचे बोल आणि तबल्या-पखवाजाचे बोल असे चार भाग येतात. त्यामुळे तो तराण्याच्या जवळचा वाटतो, पण तराणा त्याच्या पोटात असतो, तो तराण्याचा प्रकार नव्हे. विलंबित आणि द्रुत यांचीही जागा बदलली. ती लय आहे आणि लय हा कोणत्याही सादरीकरणाचा गुणधर्म असू शकतो. तिला ख्यालाच्या खाली टांगले की तीच पुन्हा तराण्याखालीही टांगावी लागते आणि झाड उगाच फुगते.

टपख्यालाने मात्र बराच वेळ घेतला. ग्वाल्हेर गायकीत मुरलेल्या या प्रकारात ख्यालाची बैठक आणि टप्प्याच्या तानांची चपळाई एकत्र येते. काकांच्या मते तो ख्यालही आहे आणि टप्पाही. आम्ही मात्र सर्व भावंड-वर्ग परस्परविभक्त आहेत असे आधीच जाहीर केले होते, म्हणजे एकच वस्तू ख्याल आणि टप्पा दोन्ही असू शकत नाही. रीझनर, म्हणजे लिहिलेल्या विधानांतून अनुमाने काढणारी आज्ञावली, चालवताच टपख्यालाचा वर्ग लाल अक्षरांत, रिकाम्या वर्गाच्या खाली जाऊन बसला. असा घटक जगात असूच शकत नाही, हा त्याचा अर्थ. विभक्ततेचे विधान काढून टाकणे सोपे होते, पण तसे केले असते तर टप्प्याच्या नोंदीत चुकून ख्याल शिरल्यावर कोणी ओरडलेच नसते. ऑन्टॉलॉजीचे अभ्यासक ॲलन रेक्टर यांनी २००३ च्या सुमारास मांडलेला मार्ग अशा वेळी उपयोगी पडतो. हाताने लिहिलेल्या झाडात प्रत्येक वर्गाला एकच पालक द्यायचा, बाकीची वैशिष्ट्ये संबंधांनी सांगायची आणि एकाहून अधिक पालक असलेली उतरंड रीझनरकडून काढून घ्यायची. टपख्याल त्यामुळे सरळ ‘बंदिशीचा प्रकार’ या वर्गाखाली आला. ‘ख्यालअंगाच्या रचना’ आणि ‘टप्पाअंगाच्या रचना’ असे दोन व्याख्येने बनलेले वर्ग केले, आणि त्या दोन्हींमध्ये त्याला रीझनरनेच नेऊन ठेवले. काकांचे म्हणणेही राहिले आणि विभक्तताही राहिली.

रागांच्या बाबतीत पहिला प्रश्न निराळाच होता. यमन हा वर्ग मानायचा की घटक? वर्ग मानला तर ‘यमनमधील सर्व सादरीकरणे’ असा त्याचा अर्थ होतो आणि मियाँमल्हार हा मल्हाराचा उपवर्ग, दरबारी हा कानड्याचा उपवर्ग अशी सुबक उतरंड लागते. घटक मानला तर यमनबद्दल थेट बोलता येते : वादी (मुख्य स्वर) गंधार, संवादी (त्याला जोड देणारा स्वर) निषाद, समय रात्रीचा पहिला प्रहर. सूनबाईंचा ओढा पहिल्या मांडणीकडे होता, म्हणून आम्ही ती छोट्या फाइलीत करून पाहिली. प्रत्येक रागाची व्याख्या त्याच्या स्वरांनी दिली. सा, रे, ग, प, ध एवढ्याच स्वरांत होणारे गायन म्हणजे भूप. देशकारचेही स्वर नेमके हेच, त्यामुळे त्याचीही व्याख्या तीच झाली. रीझनर चालवून अनुमानित उतरंडीचे पान उघडले तेव्हा भूप आणि देशकार या दोन नावांच्या मध्ये तुल्यतेची तीन आडव्या रेघांची खूण उमटली होती. त्याखाली मारवा, पूरिया आणि सोहनी ही तीन नावेही एकाच गाठोड्यात बांधलेली दिसत होती, कारण कोमल ऋषभ, तीव्र मध्यम आणि वर्ज्य पंचम ही तिघांचीही सामाईक मिळकत. काका चष्मा सरसावून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “परीक्षेला बसलेला पोरगा असं म्हणाला असता तर मी त्याला नापास केला असता.”

रीझनरने काढलेले अनुमान आम्ही दिलेल्या विधानांतून अचूकच निघत होते. व्याख्येत चलन (रागाची स्वरांतली चाल), वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग (सप्तकाचा खालचा आणि वरचा अर्धा भाग) यांतले काहीच नव्हते, आणि राग तर तिथेच राहतो. भूपात गंधार वादी आणि धैवत संवादी. देशकारात ते उलटे. पहिला रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. रागांची थाट या स्वरगटांत विभागणी करणाऱ्या पंडित भातखंडे यांनी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात टाकला आहे. दोघांतही मध्यम आणि निषाद नसल्यामुळे केवळ स्वर मोजून हा निवाडा करताच येत नाही, तो रागाच्या ठेवणीवरून, म्हणजे अंगावरून, करावा लागतो. या प्रयोगानंतर राग घटक मानायचे हे सर्वांना पटले. वर्ग ‘राग’ हा एकच राहिला आणि यमन, भूप, देशकार, दरबारी हे त्याचे घटक झाले.

मग कानड्याच्या प्रकारांचे काय? येथेही हाताने उतरंड न बांधता ‘रागांग’, म्हणजे रागाच्या ठेवणीचे कूळ, या नावाचा संबंध घेतला आणि ‘ज्याचे रागांग कानडा आहे असा राग’ अशी व्याख्या देऊन ‘कानडा प्रकार’ हा वर्ग केला. दरबारी, अडाणा, नायकी, शहाणा, सुहा, सुघराई हे सगळे आपोआप त्यात येऊन बसले. याचा लाभ असा की थाटांची विभागणी या वर्गाला आडवी जाते आणि तरीही भांडण होत नाही. दरबारी आणि अडाणा भातखंडे यांच्या पद्धतीत आसावरी थाटाचे, तर नायकी, सुहा, सुघराई काफी थाटाचे. एकाच झाडात दोन्ही विभागण्या कोंबल्या असत्या तर एकीला दुसरीच्या पोटात फांदीफांदीवर पुन्हा लिहावे लागले असते. ‘थाट’ आणि ‘रागांग’ हे दोन वेगळे संबंध केले आणि दोघांच्या वर ‘वर्गीकरणातील स्थान’ हा एक व्यापक संबंध ठेवला. रागाविषयी सर्व वर्गीकरणे विचारायची असतील तर वरच्या संबंधाने विचारावे, एकच हवे असेल तर खालच्याने. काकांचे वडील जुन्या शिस्तीतले होते आणि त्यांच्या वह्यांत थाट कुठेही लिहिलेला नाही. १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली येथे माधव संगीत विद्यालय सुरू झाले, त्यानंतर या शहरात शिकलेल्या पिढ्यांना मात्र थाट तोंडपाठ असतो. ज्या वह्यांत थाट नाही तेथे तो आम्ही भरला नाही. आउल खुल्या जगाच्या गृहीतकावर चालते, म्हणजे न लिहिलेली गोष्ट खोटी मानली जात नाही, त्यामुळे रिकामी जागा कोणाला खुपत नाही.

माणसांच्या वर्गांविषयी थोडक्यात सांगते. गायक, तबलावादक, शिक्षक, आश्रयदाता या भूमिका आहेत आणि माणूस त्या घेतो, सोडतो, एकाच वेळी दोन-तीन निभावतो. विष्णु दिगंबर पलुस्कर हे गायक, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे संस्थापक, शिक्षक आणि पुस्तकांचे कर्तेही होते. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस्तोफर वेल्टी यांच्या, वर्गांची उतरंड तपासण्याच्या ऑन्टोक्लीन पद्धतीतला एक नियम येथे फार कामाचा ठरतो : जो वर्ग घटकाला जन्मभर सुटत नाही, तो वर्ग सुटू शकणाऱ्या वर्गाच्या खाली ठेवू नये. ‘व्यक्ती’ नेहमी वर आणि भूमिका तिच्या खाली, तीही हाताने न चिकटवता, ‘जिने एखाद्या सादरीकरणात गायन केले आहे अशी व्यक्ती’ अशा व्याख्येतून आलेली.

घराण्याला मात्र वर्गाची जागा मिळू नये, असे माझे पहिल्यापासून मत होते. माझा तरुण सहकारी डेटाबेसच्या कामात मुरलेला आहे आणि त्याला ‘ग्वाल्हेर गायक’, ‘आग्रा गायक’, ‘जयपूर गायक’ असे परस्परविभक्त वर्ग हवे होते, म्हणजे प्रत्येकाची एकाच ठिकाणी नोंद होईल. वाद घालण्याऐवजी भास्करबुवा बखले यांचा घटक तयार केला. बुवांनी ग्वाल्हेरची तालीम फैज महंमदखाँ यांच्याकडून, आग्र्याची नत्थनखाँ यांच्याकडून आणि जयपूरची अल्लादियाखाँ यांच्याकडून घेतली, हे सर्वश्रुत आहे. तिन्ही विधाने भरून रीझनर चालवल्याबरोबर संपूर्ण ऑन्टॉलॉजी विसंगत असल्याची सूचना आली. स्पष्टीकरणाचे बटण दाबल्यावर आलेल्या यादीत आम्ही भरलेली विधाने आणि खाली विभक्ततेचे एक विधान एवढेच होते. “म्हणजे बुवा अस्तित्वातच नाहीत?” असे तो हसत म्हणाला आणि घराणे हा घटक, तर गायकाचे त्याच्याशी असलेले नाते हा संबंध, असे ठरले.

आता संबंध. पहिल्यांदा ते सपाट यादीसारखे होते : गायन, तबलासाथ, पेटीची साथ, सारंगीची साथ, तानपुरा. ‘या मैफिलीत कोण कोण होते’ असे विचारायला पाचही नावे घ्यावी लागत. त्यांच्या वर ‘सहभाग’ हा संबंध ठेवला की प्रश्न एकाच नावाने विचारता येतो, कारण उपसंबंधाचा नियम वर्गासारखाच आहे. खालच्या संबंधाने जोडलेली प्रत्येक जोडी वरच्या संबंधानेही जोडलेली असते. इथपर्यंत सोपे आहे. सावधगिरी लागते ती संबंधाची दोन टोके ठरवताना, म्हणजे तो कोणत्या वर्गापासून निघतो आणि कोणत्या वर्गाशी पोचतो हे लिहिताना. डेटाबेसची सवय असलेल्या माणसाला वाटते की ही दारावरची राखण आहे आणि चुकीचा माणूस आला की तिथेच अडवला जाईल. आउलमध्ये तसे होत नाही. ‘सहभाग’ या संबंधाचे पोचण्याचे टोक ‘गायक’ असे लिहिले तर तबल्याची साथ करणाऱ्या प्रत्येकाला रीझनर बिनतक्रार गायक ठरवून मोकळा होतो, कारण वरच्या संबंधाचे टोक खालच्या सर्व संबंधांना लागू पडते. तसेच ‘रागात’ या संबंधाचे निघण्याचे टोक ‘बंदिश’ ठेवले की नुसत्या आलापाचे ध्वनिमुद्रणही बंदिश होऊन बसते. म्हणून उतरंडीत जितके वर जावे तितकी टोके रुंद ठेवावीत आणि नेमकेपणा खालच्या उपसंबंधांवर सोपवावा, असा क्रम आम्ही पाळला : ‘सहभाग’ व्यक्तीशी पोचतो, ‘गायन’ गायकाशी. नोंद करताना खरोखर अडवायचे असेल, उदाहरणार्थ राग न लिहिलेली बंदिश आत येऊ द्यायची नसेल, तर ते काम शॅकल या २०१७ मध्ये प्रमाणित झालेल्या तपासणीच्या भाषेकडे दिले.

गुरू-शिष्य संबंधावर आम्ही सगळ्यांत जास्त रेंगाळलो आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही. हवे होते असे : ग्वाल्हेर घराण्याचे हस्सूखाँ-हद्दूखाँ, त्यांच्याकडे शिकलेले वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे विष्णु दिगंबर, त्यांचे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास, अशी साखळी कितीही लांब असली तरी वरच्या टोकाशी खालचे टोक आपोआप जोडले जावे. त्यासाठी संबंध संक्रामक, म्हणजे एका कडीतून पुढच्या कडीत चालत जाणारा, असा जाहीर करावा लागतो. पण ‘गुरू’ हाच संबंध संक्रामक केला तर वासुदेवबुवा हे विनायकरावांचे गुरू ठरतात, जे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. उपाय जुना आणि भरवशाचा आहे : ‘पूर्वसूरी’ हा संक्रामक संबंध वर आणि ‘गुरू’ हा असंक्रामक संबंध त्याच्या खाली. प्रत्येक गुरू हा पूर्वसूरी आहे, पूर्वसूरींचा पूर्वसूरी हाही पूर्वसूरी, पण त्यामुळे कोणी कोणाचा गुरू होत नाही. नोंद करणाऱ्याने फक्त गुरू लिहायचा. पूर्वसूरी कोणी हाताने लिहीत नाही.

लगेच पुढची अडचण आली. कोणीही स्वतःचाच पूर्वसूरी असू शकत नाही, असेही आम्हाला लिहायचे होते, म्हणजे गुरू-शिष्यांची अदलाबदल झालेली नोंद पकडली जाईल. पण अनुमान हमखास पूर्ण व्हावे म्हणून आउल २ च्या ज्या मर्यादित रूपात आम्ही काम करत होतो, त्यात संक्रामक संबंधावर, किंवा ज्याच्या खाली संक्रामक संबंध आहे अशा संबंधावर, असे बंधन घालता येत नाही, आणि त्यांची संख्याही बांधता येत नाही. रीझनर ते वाचायलाच नकार देतो. म्हणून ‘आपणच आपला गुरू नाही’ आणि ‘अ हा ब चा गुरू असेल तर ब हा अ चा गुरू नाही’ ही दोन्ही बंधने खालच्या ‘गुरू’ या संबंधावर घातली. त्यामुळे लगतच्या दोघांमधील उलटापालट सापडते. तीन-चार पिढ्यांनी फिरून स्वतःपाशी येणारे वर्तुळ शोधायला स्पार्कल या विचारणेच्या भाषेत ‘गुरू’ची वाट एक किंवा अधिक वेळा चालणारी एक छोटी विचारणा लिहिली आणि ती प्रत्येक नव्या भरणीनंतर चालवली जाते.

‘गुरू’च्या खाली आणि शेजारी काय ठेवायचे यावर काकांशी झालेले बोलणे मला या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. गंडा (शिष्यत्वाचा धागा) बांधून घेतलेली तालीम आणि विद्यालयातील शिक्षण हे दोन उपसंबंध त्यांनी निमूटपणे मान्य केले. ‘पिता’ हाही गुरूखालीच ठेवावा, कारण आमच्याकडे गाणे घरातच येते, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी कृष्णराव शंकर पंडित यांचे उदाहरण हाताशी होते, ज्यांचे वडील शंकरराव हेच त्यांचे गुरू. पण दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचे काय? १९३१ मध्ये वडील गेले तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे होते आणि त्यांचे गाणे पुढे घडले ते विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे. उपसंबंधात ‘बहुतेक वेळा’ चालत नाही. एक डी. व्ही. पलुस्कर असले की ‘पिता’ला गुरूखालून बाहेर काढावेच लागते. ते वेगळे ‘नाते’ म्हणून राहिले आणि जिथे वडील हेच गुरू आहेत तिथे दोन्ही विधाने स्वतंत्रपणे लिहिली जातात.

‘प्रभाव’ या संबंधाची गोष्ट याहून नाजूक होती. दौलतराव शिंदे यांच्या काळात हद्दूखाँ आणि हस्सूखाँ या भावांनी बडे महंमदखाँ यांचे गाणे लपून ऐकले आणि त्यांची तानबाजी उचलली, अशी आख्यायिका ग्वाल्हेरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिची नोंद काकांच्या वडिलांच्या वहीतही आहे, म्हणून ती सूचीत यायला हवी होती. ऐकून शिकणे हेही शिकणेच, असे म्हणून ‘प्रभाव’ जर ‘पूर्वसूरी’च्या खाली ठेवला, तर एका रेघेसरशी बडे महंमदखाँ हे बाळकृष्णबुवांचे, पलुस्करांचे आणि त्यांच्या सर्व शिष्य-प्रशिष्यांचे पूर्वसूरी होतात. काका बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “त्यांनी शिकवलं नाही ना? मग त्यांना आमच्या माथी नका मारू.” ‘प्रभाव’ त्यामुळे ‘पूर्वसूरी’च्या बाहेर, पण दोघांच्याही वर असलेल्या ‘सांगीतिक ऋण’ या संक्रामक नसलेल्या संबंधाखाली गेला. ज्याला प्रभावासकट सगळे पाहायचे आहे तो वरून विचारू शकतो. ज्याला तालमीची परंपरा हवी आहे त्याच्या उत्तरात मात्र आख्यायिका घुसत नाही. वर्गांच्या झाडात कितीही काटछाट केली असती तरी हा भेद तिथे दाखवता आला नसता.

घराण्याचे काम यावरच उभे राहिले. आउल २ मध्ये दोन संबंध जोडून तिसरा काढता येतो. अ चा गुरू ब आणि ब चे घराणे ग, तर अ चे घराणे ग, असे लिहिता येते. हे लिहून पाहिल्यावर कुमार गंधर्व ग्वाल्हेर घराण्याचे ठरले, कारण त्यांचे गुरू प्रो. बी. आर. देवधर आणि देवधरांचे गुरू विष्णु दिगंबर. तालमीचा धागा खरा आहे, पण ‘कुमारांचे घराणे ग्वाल्हेर’ असे सूचीत छापलेले पाहून पहिला फोन कुमारांच्या देवासहून आला असता, असे सूनबाई म्हणाल्या, आणि ते खरेच आहे. साखळी मोडायची नव्हती, म्हणून तिचे फळ दुसऱ्या संबंधात जमा केले. वर ‘तालमीतून आलेले घराणे’ आणि त्याखाली ‘घराणे’. साखळीचा नियम वरच्या संबंधाला लावला : अ चा गुरू ब, ब चे तालमीतून आलेले घराणे ग, तर अ चेही तालमीतून आलेले घराणे ग. ज्याचे घराणे लिहिलेले आहे त्याचे ते तालमीतून आलेले घराणेही असतेच, कारण खालचा संबंध वरच्यात सामावलेला आहे. उलट दिशेने मात्र काही झिरपत नाही. भास्करबुवांच्या शिष्यांना त्यामुळे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर ही तिन्ही नावे वरच्या संबंधाने मिळतात आणि ‘घराणे’ मिळते ते ज्याने त्याने स्वतः सांगितलेले किंवा वहीत लिहिलेले असेल तेवढेच. ‘घराणे’ लिहिताना वहीचे पान किंवा मुलाखतीचा संदर्भ देणे शॅकलच्या तपासणीत सक्तीचे केले आहे. कानड्याचे प्रकार आणि वासुदेवबुवांच्या परंपरेतील टप्पे या दोन्ही प्रश्नांना आता उत्तरे मिळतात. एकाच बंदिशीच्या वेगवेगळ्या पिढ्यांतील गायनाचा प्रश्न अर्धवट आहे, कारण शब्द तेच आणि राग वेगळा असेल तर ती बंदिश एक की दोन, यावर काका आणि सूनबाई यांचे अजून एकमत व्हायचे आहे. ते होईपर्यंत अशा जोड्या ‘शब्द समान’ या एका स्वतंत्र संबंधाने जोडून ठेवल्या आहेत.